टीएनएफ अडवला, सांधे सुटले, क्षय उठला: तासगावकडचं एक प्रकरण

आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाचे सांधे मोकळे असावेत आणि सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा आकडा, मात्र ९६ यावा, हे गणित जुळत नाही. या प्रकरणात तसंच झालं आणि पुढचं सगळं त्या न जुळणाऱ्या आकड्यातूनच उलगडत गेलं. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

मावशी सत्तेचाळीस वर्षांच्या, तासगाव तालुक्यातल्या. घरची थोडी द्राक्षबाग, आणि हंगामात दुसऱ्यांच्या शेडवर बेदाणा निवडायला जायच्या. बेदाणा निवडायचा म्हणजे दिवसभर मांडी घालून बसायचं आणि काडी, खडा, काळा पडलेला मणी चिमटीत धरून बाजूला टाकत राहायचं. सहा वर्षांपूर्वी ती चिमूटच जमेना. "सकाळी मूठच वळत नाय बघा डॉक्टर. ऊन वर आल्यावर मग जरा बोटं हलत्यात." एवढ्या बोलण्यात निम्मं निदान होऊन गेलं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं आणि बसल्यावर कमी होतं. इथं उलट होतं. रात्रभर विसावा घेतलेली बोटं सकाळी तासाच्या वर आखडलेली, दोन्ही हातांचे मुठीचे आणि मधल्या पेराचे सांधे सुजलेले, टोकाचे सांधे मात्र शाबूत. हा आमवात.

पण निदानाआधीची दोन वर्षं पुड्यांवर गेली होती. बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून "झाडपाल्याच्या" पुड्या आणायच्या, चार दिवसांत गुण. मग चेहरा गोल झाला, जरा धक्का लागला की हातावर काळेनिळे डाग, साखर वाढलेली. एकदा पुड्या संपल्या आणि माणूस आलाच नाही, तर उलट्या, अशक्तपणा, बीपी खाली. पुडीत स्टेरॉइड होतं हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पुडीवाल्याला आपण नावं ठेवतो, पण त्याच्या पुडीतलं औषध आम्हीही लिहून देतो. मात्र आम्ही ते मोजून देतो, मुदत ठरवून देतो आणि मुख्य म्हणजे काय देतोय ते सांगून देतो.

पुढं रीतसर उपचार सुरू झाले. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी, ठळक पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत, सोबत फॉलिक ॲसिड. जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासलाझीन. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी सुटता सुटेना. दोन वर्षांनी मोजले तेव्हा अकरा सांधे दुखरे, नऊ सुजलेले, ईएसआर ६२, डास-२८ हा गुणांक ६.४. हा ५.१ च्या वर गेला की आजार तीव्र समजतात.

आणखी एक गोष्ट कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. हिमोग्लोबिन ८.९. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, "रक्त वाढत नाय" ही तक्रारही तितकीच जुनी. फेरिटिन मात्र ३१०, म्हणजे लोहाचा साठा भरलेला. लोह होतं, ते अडवून ठेवलेलं होतं. सुजलेल्या सांध्यातून सुटलेलं इंटरल्यूकिन-६ हे संदेशप्रथिन यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत हेप्सिडिन बनवायला लागतं. हेप्सिडिन पेशींच्या पृष्ठभागावरचं लोहाचं दार, म्हणजे फेरोपोर्टिन, पाडून टाकतं. मग आतड्यातलं लोह रक्तात उतरत नाही आणि साठ्यातलं रक्त बनवणाऱ्या हाडांच्या मज्जेपर्यंत पोचत नाही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीरानं केलेली ही व्यवस्था आहे. जंतू नसताना ती वर्षानुवर्षं चालू राहिली, म्हणून बाई पांढऱ्याफटक.

हे इंटरल्यूकिन-६ येतं कुठून, हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी नेतो.

सांध्याच्या अस्तरात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, ठाण मांडून बसतात आणि टीएनएफ सोडतात. टीएनएफ म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना उंदरांच्या रक्तात गाठी मारणारा एक घटक सापडला, त्यावरून हे नाव पडलं. नाव कर्करोगाचं असलं तरी प्रथिनाचा कारभार बहुतांशी दाहाचा. ते आधी पेशीच्या भिंतीत रोवलेलं असतं. टेस नावाचं एन्झाइम ते कापतं, मग तिघांच्या जुडीनं रक्तात मोकळं फिरतं. त्याला पकडणारे रिसेप्टर दोन. पहिला जवळजवळ सगळ्याच पेशींवर, दुसरा मुख्यतः प्रतिकारपेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. पहिल्याला टीएनएफ चिकटला की आतमध्ये एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. त्यांतलंच एक इंटरल्यूकिन-६ चं. सोबत कूर्चा खाणारी एन्झाइमं, आणि रँकलिगँड, जे हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार करायला लावतं. मावशींच्या एक्स-रेत मुठीच्या सांध्यांच्या कडा खाल्लेल्या दिसत होत्या, त्या याच कारभारातून.

लेखांतून सहसा सांगतात ते इथपर्यंतच: टीएनएफ वाढला, दाह झाला. मला त्याच्या पुढचं महत्त्वाचं वाटतं. टीएनएफ आपल्या सगळ्यांच्या अंगात रोज कुठं ना कुठं सुटतो. काटा रुतला तरी सुटतो. मग आपण सगळे आमवाती का नाही? कारण प्रत्येक पायरीवर तो थांबवायची सोय आहे. उसाला पाणी पाजताना एकाच माणसानं दारं फोडायचं आणि सरी भरली की त्यानंच ते बांधायचं, तसं एनएफ-कप्पा-बी वागतं. त्याला पेशीत धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे आय-कप्पा-बी-अल्फा. संदेश आला की काही मिनिटांत ते नष्ट होतं आणि एनएफ-कप्पा-बी मोकळं सुटतं. सुटल्यावर ते जी जनुकं चालू करतं त्यांत आय-कप्पा-बी-अल्फाचं जनुकही असतं. तासाभरात नवं बनतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बीला ओढून परत बाहेर आणतं. ए-२० नावाचं आणखी एक प्रथिन याच रस्त्यानं तयार होतं आणि रिसेप्टरपाशी जमलेली जुळणी मोडून टाकतं. ए-२० च्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी असलेल्या कुटुंबांचं वर्णन २०१६ मध्ये झालं. त्यांना लहानपणापासूनच तोंडात व्रण, ताप, आतड्याचा दाह. त्याच जनुकाच्या आसपासचे सौम्य फरक आमवात आणि ल्युपसशी जोडलेले आढळतात.

पेशीच्या बाहेरही व्यवस्था आहे. रिसेप्टर तुटून रक्तात पडतात आणि मोकळा टीएनएफ पकडून ठेवतात. शिवाय टीएनएफच्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाशी एक क्रम असतो, तो त्या आरएनएला फार काळ जगू देत नाही. तेवढाच तुकडा काढून टाकलेले उंदीर १९९९ मध्ये तयार केले गेले. प्रथिन तेच, फक्त त्याचा निरोप लवकर पुसला जाईना. त्या उंदरांना सांधेदुखीही झाली आणि क्रोनसारखा आतड्याचा आजारही.

तर टीएनएफ बनतो का यापेक्षा तो थांबतो का, हा प्रश्न मोठा. आणि टीएनएफ अडवणारं औषध यांतली एकही दुरुस्ती करत नाही. बिघडलेला ब्रेक ते सुधारत नाही. ते टीएनएफ पकडून निकामी करतं, सांध्यातलाही आणि इतर सगळीकडचाही. या प्रकरणातली गुंतागुंत इथूनच आली.

टीएनएफच का निवडला, याचं उत्तर लंडनमधल्या कामात आहे. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटानं १९८९ मध्ये दाखवलं की रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत वाढवून त्यांतला टीएनएफ अडवला, तर इंटरल्यूकिन-१ हे दाहाचं दुसरं संदेशप्रथिनसुद्धा उतरतं. म्हणजे साखळीत टीएनएफ वरच्या टोकाला. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना त्याविरुद्धची प्रतिपिंडं दिली. दशक संपायच्या आत औषधं बाजारात आली. अडालिमुमॅब हे त्यांतलंच एक टीएनएफ पकडणारं प्रतिपिंड. आपल्याकडं त्याची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये निघाली. त्यानंतर ही इंजेक्शनं द्राक्षबागायतदाराच्या घराच्या आवाक्यात, निदान आसपास तरी आली.

मावशींना नोव्हेंबरात अडालिमुमॅब सुरू झालं, दुसऱ्या एका ठिकाणी. दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली. सूनबाई शिकून घेऊन घरीच द्यायची. आधीची तपासणी कागदावर व्यवस्थित आहे: छातीचा एक्स-रे स्वच्छ, मॅन्टू (क्षयाची कातडीवरची चाचणी) ३ मिलिमीटर, "पूर्वी टीबी झाला होता का?" नाही. इंजेक्शनांनी कमाल केली. तिसऱ्या इंजेक्शननंतर मूठ वळली. जानेवारीत हिमोग्लोबिन लोहाची जादा गोळी न देता १०.४ वर. टीएनएफ खाली आला, त्यामागोमाग इंटरल्यूकिन-६, मग हेप्सिडिन, आणि अडलेलं लोह सुटलं. फेब्रुवारीत बाई पुन्हा शेडवर.

मार्चच्या मध्यात ताप सुरू झाला. रोज संध्याकाळी. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर बसणाऱ्या बाईला संध्याकाळी कणकण आली तर उन्हाचा ताप म्हणणारच. गावात विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी केली, टायफॉइड ठरला, ऑफ्लॉक्सासिन दिलं. चार दिवस ताप उतरला आणि परत आला. या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडीफार दाबतात, त्यामुळं असा फसवा उतार पडतो. आपल्या भागात विडालच्या कागदावर किती तापांचं बारसं होतं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आमच्याकडं आल्या तेव्हा वजन पाच किलोनं उतरलं होतं, पोट फुगलेलं. सीआरपी ९६. सोबतच्या चिठ्ठीत "आमवात पुन्हा वाढला, स्टेरॉइड वाढवावं" असा सल्ला होता. मी मावशींना माझं बोट धरून दाबायला सांगितलं. पकड घट्ट होती. दुखरा सांधा एक, सुजलेला एकही नाही.

सीआरपी सांध्यात बनत नाही. ते यकृतात बनतं आणि ते बनवायचा हुकूम मुख्यतः इंटरल्यूकिन-६ देतं. हुकूम कुठल्या गावाहून आला हे यकृताला कळत नाही आणि आकड्यात दिसत नाही. सांधे शांत असताना एवढा हुकूम येतोय, तर तो दुसरीकडून येतोय. चिठ्ठीतला सल्ला मानून त्या दिवशी स्टेरॉइड वाढवलं असतं, तर आठवडाभर ताप उतरला असता आणि आजार आतल्या आत पसरत गेला असता.

मग घरची माहिती पुन्हा विचारली, जरा वेगळ्या शब्दांत. टीबी हा शब्द न काढता. घरात कुणाला बरेच महिने खोकला होता का? कुणाला सरकारी दवाखान्यातनं सहा महिने गोळ्या होत्या? तेव्हा सूनबाई म्हणाली, "आमचे आजेसासरे होते की. छातीच्या दुखण्यानं गेले. आत्यांनीच शेवटपर्यंत केलं त्यांचं सगळं." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणजेच मावशी. आधीच्या कागदावरचं "नाही" खोटं नव्हतं. मावशींना स्वतःला टीबी झालाच नव्हता.

मॅन्टूचं तरी काय? प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात ५ मिलिमीटर पुरतात आणि यांचे ३ आले होते. पण मॅन्टूची गाठ उठवायची तर टी पेशींनी तिथं जमून इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ सोडायला हवेत. वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर असलेल्या बाईच्या हातावर त्या काय जमणार? चाचणी मोजते ती याच संदेशप्रथिनांची ताकद, आणि ती आपण गोळीनं आधीच दाबलेली. क्षयासाठीची रक्तावरची इग्रा चाचणीही स्टेरॉइडनं फसू शकते, पण तिच्यात सोय एक बरी आहे. सोबतच्या नळीत टी पेशींना सरसकट उठवणारं रसायन असतं. त्यालाही प्रतिसाद कमी आला तर निकाल "अनिर्णित" येतो, खोटा निगेटिव्ह म्हणून सुटून जात नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. अशा देशात स्टेरॉइडवरच्या माणसाच्या ३ मिलिमीटरवर विसंबावं, हे मला पटत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही टीएनएफरोधक औषध सुरू होणाऱ्यांचा प्रतिबंधक उपचारांसाठी स्पष्ट उल्लेख आहे.

तपासण्या भराभर सांगतो. पोटातल्या पाण्यात लिम्फोसाइट जास्त, क्षयात वाढणारं एडीए हे एन्झाइम ५८, पण त्याच पाण्याचं सीबीनॅट, म्हणजे क्षयाच्या जंतूंची जनुकीय चाचणी, निगेटिव्ह. पोटाच्या पाण्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळं तिथला निगेटिव्ह निकाल धरून चालत नाही. सीटी स्कॅनमध्ये ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, जाडावलेलं आणि छातीत दोन्ही बाजूंना मोहरीएवढे ठिपके, जे इंजेक्शनांआधीच्या एक्स-रेत नव्हते. दुर्बिणीतून ओमेंटमचा तुकडा काढला. त्याचं सीबीनॅट पॉझिटिव्ह, रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला प्रतिरोध नाही.

त्या तुकड्याची काच मी पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून पाहिली. एरवीच्या क्षयात मॅक्रोफेज दाटीवाटीनं एकमेकांना चिकटून उभे असतात, मध्ये सडलेला भाग, भोवती लिम्फोसाइटांचा गराडा. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. इथं गराडा विस्कटलेला होता. मॅक्रोफेज होते, पण सुटे सुटे, कडा कुठं संपते ते कळत नव्हतं. सासऱ्यांच्या उशाशी बसून मावशींनी घेतलेले जंतू इतकी वर्षं ज्या गराड्यात कोंडले होते, तो टीएनएफनंच उभा ठेवलेला. टीएनएफ मॅक्रोफेजांना बोलावतो, जागेवर धरतो, गिळलेले जंतू मारायला लावतो. ज्या उंदरांत त्याचा पहिला रिसेप्टरच नाही ते क्षयानं भराभर मरतात, हे १९९५ मध्येच दिसलं होतं. माणसांतला पुरावा २००१ मध्ये आला. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफच अडवणारं औषध घेतल्यानंतर क्षय झालेले ७० रुग्ण अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडं नोंदले गेले होते. त्यांतल्या ४० जणांत क्षय फुप्फुसाबाहेर होता आणि बहुतेकांना तिसऱ्या डोसच्या आतबाहेर झाला होता. मावशींचं पोट आणि चौथा महिना त्या नोंदींशी तंतोतंत जुळतात.

अडालिमुमॅब बंद केलं. मेथोट्रेक्सेटही थांबवलं, कारण आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही क्षयाची औषधं यकृतावर ताण आणतातच, त्यात आणखी भर नको. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली आणि रोजच्या चार औषधांचा कोर्स सुरू झाला. पोषणासाठी महिना हजार रुपये बँकेत जमा होऊ लागले. "एवढ्यात अंडी तरी येत्यात," हा मावशींचा हिशेब.

इथं एक बारीक गोष्ट नेहमी निसटते. रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइमं वाढवतं, त्यामुळं प्रेडनिसोलोन झपाट्यानं मोडलं जातं. चिठ्ठीवर १० मिलिग्रॅम तसेच राहतात आणि अंगात निम्मे लागू पडतात. ज्या बाईच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या) पुड्यांच्या काळापासून निजलेल्या, तिला हे जिवावर बेतू शकतं. डोस दुप्पट केला.

दुसऱ्याच आठवड्यात यकृताच्या चाचण्या थोड्या वर सरकल्या. औषधांमुळंच असेल असं धरून चाललो होतो, तेवढ्यात सूनबाईनं पिशवीतून एक डबी काढली. "हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल हायत. आपल्या सांगलीचीच हळद, काय वाईट नाय म्हणून देत होते." सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्याबद्दल इथं वाईट बोलणं सोपं नाही, आणि मला बोलायचंही नाही. करक्युमिन बशीतल्या पेशींमध्ये एनएफ-कप्पा-बी दाबतं, हे हजारो प्रयोगांत छापून आलंय. पण तोंडावाटे घेतलेलं करक्युमिन आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात, रक्तात नगण्य उरतं. शिवाय हे रसायन प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना स्वतःच गोंधळात टाकतं. ते चमकतं, प्रथिनांना कुठंही चिकटतं. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी एका मोठ्या आढाव्यात हे परखडपणे मांडलं. न शोषण्याची अडचण सोडवायला कॅप्सूलवाले त्यात मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशा जादा शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली हळद चालू ठेवली, डबी बंद केली. चाचण्या खाली आल्या. डबीमुळंच चढल्या होत्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

महिन्याभरात ताप गेला, पोट उतरलं, दोन किलो वजन वाढलं. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच नवव्या आठवड्यात ताप परत आला. मानेला डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, तीही पिकलेली. घरात हलकल्लोळ. औषधं लागू नाहीत, जंतू बदलले, पुण्याला न्या. प्रतिरोधाची शंका रास्त होती, म्हणून गाठीतला पू तपासायला पाठवला. जंतूंचे मेलेले अवशेष सापडले, पण कल्चरवर काहीच उगवलं नाही. औषधं घेण्यात खंड नव्हता, रिकामी पाकिटं सूनबाईनं जपून ठेवली होती.

आता दिवस मोजले. अडालिमुमॅबचं अर्धायुष्य साधारण दोन आठवडे. शेवटचं इंजेक्शन मार्चमध्ये, म्हणजे मेच्या अखेरीला ते अंगातून जवळपास संपलेलं. अडवलेला टीएनएफ परत कामाला लागला आणि त्याला सगळीकडं मेलेल्या जंतूंचे तुकडे पडलेले दिसले. एवढे दिवस विस्कटलेला गराडा आता त्वेषानं उभा राहत होता. तापही त्याचाच आणि गाठही त्याचीच. याला विपरीत प्रतिक्रिया म्हणतात. एचआयव्हीच्या रुग्णांत प्रतिकारशक्ती सावरताना असंच होतं.

यावर उपाय पुन्हा स्टेरॉइड, रिफॅम्पिसिनचा हिशेब धरून ४० मिलिग्रॅम, आणि मग सावकाश उतरवत. काही ठिकाणी अशी प्रतिक्रिया आटोक्यातच येईना तेव्हा क्षयाच्या औषधांच्या आडोशाला टीएनएफरोधक पुन्हा सुरू करून रुग्ण वाचवल्याचीही वर्णनं आहेत. ज्या औषधानं क्षय उठवला तेच औषध क्षयाच्या उपचारात! ऐकायला विचित्र वाटतं, पण संदेशाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात विसंगती नाही. मार्चमध्ये टीएनएफ कमी पडत होता, मेमध्ये जास्त झाला. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. तीन आठवड्यांत गाठ सुकली.

सांधे मात्र ऐन पावसाळ्यात पुन्हा आखडले, ते अपेक्षितच होतं. पायराझिनामाइड संपल्यावर आणि यकृत ठीक आहे हे पाहून चौथ्या महिन्यात मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅमपासून परत सुरू केलं. आजार पसरलेला होता म्हणून क्षयाचा कोर्स नऊ महिने नेला. संपला तेव्हा सहा सांधे दुखरे, हिमोग्लोबिन परत ९.३.

पुढं कुठला संदेश अडवायचा? एटानरसेप्ट हे टीएनएफच पकडतं, पण ते प्रतिपिंड नाही, तोडून जोडलेला रिसेप्टर आहे. पेशीच्या भिंतीत रोवलेल्या टीएनएफवर त्याची पकड तितकी पक्की नसते. कदाचित म्हणूनच त्याच्यासोबत क्षय कमी दिसतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. टोफासिटिनिब गोळीत मिळतं, स्वस्त आहे, आणि त्यामुळंच मला त्याची धास्ती वाटते. ते पेशीच्या आतली जॅक एन्झाइमं अडवतं, म्हणजे एका फटक्यात अनेक संदेश, त्यांत इंटरफेरॉन-गॅमाचाही. क्षय आणि नागीण दोन्ही वाढतात. रिफॅम्पिसिन चालू असताना तर ते द्यायचंच नाही, रक्तात टिकत नाही. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर झाकतं. क्षयाचा धोका त्यात टीएनएफरोधकांपेक्षा कमी, आणि मावशींच्या हिमोग्लोबिनसाठी ते सरळ मुळावर घाव घालणारं. पण इंटरल्यूकिन-६ चा हुकूमच पोचला नाही तर यकृत सीआरपी बनवणार नाही. उद्या पुन्हा कुठं जंतू उठला तर ९६ हा आकडा दिसणारच नाही. शहरात राहणाऱ्या, ताप आला की दुसऱ्या दिवशी हजर होणाऱ्या माणसाला मी ते देईन. उन्हाचा ताप म्हणून दोन आठवडे काढणाऱ्या घरात नाही.

रिटुक्सिमॅबवर एकमत झालं. ते संदेश अडवत नाही, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीच काढून टाकतं. अँटी-सीसीपी ठळक असलेल्यांना जास्त लागू पडतं आणि क्षयाच्या बाबतीत त्याचा इतिहास स्वच्छ आहे. त्याची भीती वेगळी, झाकून राहिलेली कावीळ-बी उठण्याची. म्हणून आधी कावीळ-बीच्या पृष्ठभागाच्या अँटिजनसोबत कोअर प्रतिपिंडाचीही चाचणी केली, दोन्ही निगेटिव्ह. न्यूमोनियाची लसही आधीच टोचली, कारण बी पेशी गेल्यावर लस टोचून उपयोग नाही. एक ग्रॅम, मग दोन आठवड्यांनी आणखी एक ग्रॅम.

सध्या मूठ पाऊण वळते. सकाळचं आखडणं वीस मिनिटांवर आलंय, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमवर. शेडवर जाऊ नका असं आम्ही कुणी म्हटलेलं नाही, मावशींच्या यजमानांनी म्हटलंय, आणि त्यावरून घरात वाद चालू आहे. सहा महिने होत आलेत. पुढचे दोन डोस मुदत झाली म्हणून द्यायचे, की सांधे परत सुजायला लागेपर्यंत थांबायचं, ते आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, पातळी आल्यावर ठरवू. नमुना गेल्या सोमवारी पाठवलाय.